डिप्रेशनवरच्या टॉक थेरपीचा रिव्ह्यू: कुठली पद्धत कधी कामाला आली

आधी आकडा सांगते, कारण मी स्वतः असे रिव्ह्यू शोधत बसायचे तेव्हा मला तेच हवं असायचं. सुरुवातीला माझा पीएचक्यू-९ चा स्कोअर १९ होता आणि शेवटच्या नेहमीच्या सेशनला ५. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा नऊ प्रश्नांचा फॉर्म असतो, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दल काय वाटत होतं असं विचारतात, प्रत्येकाला ० ते ३, म्हणजे जास्तीत जास्त २७. १० च्या वर गेलं की अंगावर काढू नये असं मानतात आणि २० पासून पुढे तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, तिथे मी पहिल्या वेळी खोटं शून्य लिहिलं होतं. म्हणजे खरा आकडा १९ पेक्षा जास्तच असणार.

एकूण अडीच वर्षं, तीन थेरपिस्ट, एक ॲप आणि एक आठ आठवड्यांचा ग्रुप. सोबत अकरा महिने सायकियाट्रिस्टच्या गोळ्या पण चालू होत्या, हे लपवणार नाही, त्यामुळे सगळं श्रेय थेरपीला देता येणार नाही. डिप्रेशन जास्त असेल तर गोळ्या आणि थेरपी दोन्ही एकत्र घेतलेलं एकेकट्यापेक्षा बरं पडतं हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मला ते पटलं. हे माझं तिसरं डिप्रेशन होतं, पहिलं कॉलेजात, दुसरं नोकरी लागल्यावर, त्या दोन्ही वेळी मी काहीच केलं नव्हतं, नुसतं सहन केलं.

पहिला अनुभव वाईट होता. नाव घेत नाही. भिंतीवर सर्टिफिकेटं होती, बोलायला गोड होत्या, पण मी दहा मिनिटं बोलले की पुढची चाळीस मिनिटं त्याच बोलायच्या. पॉझिटिव्ह राहा, तुमच्याकडे बघा काय काय आहे, लोकांकडे एवढंही नसतं, मन कशात तरी गुंतवा. हे सगळं मला घरच्यांनी आधीच सांगून झालेलं होतं. चौथ्या सेशनला मी म्हटलं की मॅडम, सकाळी उठून बसायलाच मला तास लागतो, तर त्या म्हणाल्या की तुम्ही मनावर घेत नाही. मी परत गेले नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे थेरपी हा प्रकारच असा असतो असं धरून पुढचे सात महिने कुठेच गेले नाही. ते सात महिने मला अजून खुपतात.

नंतर वाचत गेले तेव्हा एक गोष्ट कळली. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा नावाच्या सायकियाट्रिस्टनी साध्या आजीबाईंना ट्रेनिंग देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं, त्या आज्या एक ठरलेली पद्धत वापरून बोलतात, समोरच्याच्या अडचणींमधली एक निवडायची, त्यावर काय करता येईल ते त्यालाच शोधायला लावायचं, पुढच्या वेळी काय झालं ते विचारायचं. २०१६ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली आणि लोकांना खरंच फरक पडलेला दिसला. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमनेही मानसोपचाराची डिग्री नसलेल्या समुपदेशकांना शिकवून सहा ते आठ सेशनचा कार्यक्रम केला, त्याचेही निकाल चांगले आले. म्हणजे माझ्या त्या पहिल्या मॅडमकडे डिग्री होती, आणि नव्हती ती पद्धत. मला तेव्हा एवढंच विचारायला हवं होतं की तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता आणि त्यात माझ्या वाट्याला काय काम येणार. उत्तर गोलगोल आलं तर तिथेच उठायचं.

दुसरे थेरपिस्ट सायकोडायनॅमिक पद्धतीचे, म्हणजे फ्रॉइडच्या घराण्यातली आजची थेरपी. हीच सगळ्यात जुनी, "टॉकिंग क्युअर" हा शब्दच मुळात एका पेशंट बाईचा आहे, ब्रॉयर नावाच्या डॉक्टरांची पेशंट, १८९५ च्या पुस्तकात तिला आना ओ. असं नाव दिलंय. तर हे सर खरोखर चांगले होते, ऐकायचे, घाई नाही, मी एखाद्या माणसाबद्दल एकच तक्रार वेगवेगळ्या रूपात करते हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. पण तेव्हा माझी अवस्था अशी होती की पन्नास मिनिटांतल्या त्या लांबलांब शांतता मला झेपायच्या नाहीत, आणि लहानपणाचं काहीतरी उकरून निघालं की ते घेऊन मी घरी यायचे आणि पुढचे सहा दिवस भिंतीकडे बघत तेच दळत बसायचे. डिप्रेशनमध्ये तेच तेच दळणं हाच मोठा आजार असतो, आणि मला तर त्याला नवीन धान्य मिळत होतं. नऊ सेशननंतर मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं की आत्ता तुम्हाला जास्त बांधीव पद्धत हवी आहे, आणि स्वतःच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव दिलं. एवढ्यासाठी त्यांना मनापासून नमस्कार. माझ्या एका मैत्रिणीला याच पद्धतीने खूप चांगलं वाटलं, तिचं डिप्रेशन कमी तीव्रतेचं पण वर्षानुवर्षं चिकटलेलं होतं, ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्येही थोड्या मुदतीची सायकोडायनॅमिक थेरपी एक पर्याय म्हणून आहे. मी पाचपैकी तीन देते, आणि ते तीन त्या वेळच्या माझ्यासाठी, पद्धतीसाठी नाही.

आता मुख्य भाग. तिसऱ्या मॅडमनी पहिल्या सेशनला माझ्या विचारांना हातच लावला नाही. त्यांनी एक कागद दिला, उभे सात दिवस, आडवे सकाळपासून रात्रीपर्यंतचे तास, आणि प्रत्येक चौकोनात काय केलं ते लिहायचं आणि बाजूला दोन आकडे, आनंद किती आणि जमलं किती, दोन्ही शून्य ते दहा. काही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. मला वाटलं हे काय शाळेसारखं, पण लिहिलं, कारण नुसतं लिहिणं तेवढं जमण्यासारखं होतं. आठवड्याने कागद समोर ठेवला तर दुपारी चार ते सात सगळीकडे "पडून, फोन", शून्य, शून्य. त्या शांतपणे बोट फिरवत गेल्या आणि गुरुवारच्या पाच वाजताच्या चौकोनावर थांबल्या. तिथे लिहिलं होतं "कुंडीला पाणी", आनंद २, जमलं ५. त्यांनी विचारलं, "हे दोन कुठून आले?" मी म्हटलं काही नाही हो, पानं एकदम खाली मान टाकून होती म्हणून घातलं, आणि संध्याकाळी बघितलं तर परत उभी राहिली होती. हे सांगताना माझा आवाज भरून आला, कशामुळे ते मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्याचं काम ठरलं, तीन दिवस, पाच वाजता, कुंडीला पाणी. बस. बाकी काही सुधारायचं नाही.

याला बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. विचार साधा आहे, पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलेला, की आयुष्यातून समाधान देणाऱ्या गोष्टी आटल्या की माणूस आत ओढला जातो, आत ओढला गेला की त्या गोष्टी आणखी आटतात, आणि हे चक्र फिरतच राहतं. तर चक्राला बाहेरच्या बाजूने हात घालायचा. मन होण्याची वाट बघायची नाही, वेळ झाली की करायचं, मनाला काय वाटतं ते नंतर कागदावर लिहायचं. आणि हे "मन गुंतवा" यापेक्षा वेगळं कसं असं कोणी विचारेल तर, फरक त्या कागदात आहे. सल्ला देणारा माणूस सगळ्यांना एकच सांगतो, इथे माझ्याच आठवड्यातून माझा दोन शोधून काढला होता.

मला पटायला अजून एक गोष्ट कारण ठरली. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीबीटी, म्हणजे विचार आणि कृती दोन्हींवर काम करणारी थेरपी, अक्षरशः सुटी करून बघितली, १५० लोक घेतले, काहींना नुसता हा कृतीचा भाग, काहींना थोडं विचारांचं काम जोडून, काहींना सगळी पूर्ण थेरपी, आणि नुसता कृतीचा भाग घेतलेले लोक पूर्ण थेरपीवाल्यांइतकेच सुधारले. मग २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनची ४४० लोकांची चाचणी आली, त्यात कमी अनुभवाच्या ज्युनिअर कर्मचाऱ्यांनी दिलेलं बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन हे अनुभवी थेरपिस्टनी दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी पडलं नाही. ही छोटी गोष्ट नाही, कारण अनुभवी थेरपिस्ट सगळीकडे कमीच असतात.

दर वेळी जमलं असं अजिबात नाही. चौथ्या आठवड्यात मी काहीच केलं नाही आणि सेशनला जायचं पण टाळणार होते, शाळेत गृहपाठ न केल्यासारखी भीती. गेले. मॅडम रागावल्या नाहीत, "काय आडवं आलं?" एवढंच विचारलं, आणि दोघींनी मिळून काम अजून लहान केलं, फिरायला जाण्याऐवजी चपला घालून दारापर्यंत. मग तिथून जायचं वाटलं तर जायचं, नाहीतर परत. पाचपैकी पाच. तळाला असाल तर मी डोळे झाकून हेच सुचवेन.

साधारण सात आठवड्यांनी स्कोअर १३ वर आला आणि मग सीबीटीचा विचारांचा भाग सुरू झाला. ही पद्धत सुरू करणारे ॲरन बेक हे मुळात सायकोॲनालिसिस, म्हणजे फ्रॉइडची पद्धत, शिकलेले, डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग हे सिद्ध करायला गेले आणि पेशंटच्या बोलण्यात त्यांना सापडलं वेगळंच, हरल्याचे, नाकारलं गेल्याचे, चटकन येऊन जाणारे विचार, जे माणसाला विचार वाटतच नाहीत, सत्यच वाटतात. स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या काळाबद्दल, तिन्ही बाजूंनी अंधार. १९६० च्या दशकातलं हे काम. अल्बर्ट एलिस त्यांच्याही थोडे आधी, ज्यांची पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून बऱ्याच जणांनी वाचलेली असते, दोन्ही जवळच्या, पण मला बेकची पद्धत जास्त मानवली कारण त्यात वाद घालायचा नसतो, पुरावा बघायचा असतो.

उदाहरण देते. ऑफिसातल्या सहकारी मैत्रिणीला मेसेज केला, तिने वाचला, उत्तर नाही. माझ्या डोक्यात: मी सगळ्यांना नकोशी झालेय. विश्वास किती? ९०%. बाजूने पुरावा: उत्तर नाही, परवा जेवायला बोलावलं नाही. विरुद्ध पुरावा: हे भरायला मला वीस मिनिटं लागली, मॅडम थांबून राहिल्या, एक शब्द पुरवला नाही. मग आठवलं की मागच्याच आठवड्यात तिने माझं अर्धं काम न सांगता करून ठेवलं होतं, आणि तिचा मुलगा आजारी आहे हे तिनेच मला सांगितलं होतं. परत विश्वास किती? ५५. मला वाटलं होतं शून्य यायला हवा, त्या म्हणाल्या ५५ म्हणजे पुष्कळ, ९० ला तुम्ही फोन बंद करून झोपता, ५५ ला तुम्ही तिला विचारू शकता की मुलगा कसा आहे. विचारलं. ताप उतरला होता. सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंग असं जे म्हणतात त्यांनी हा तक्ता एकदा भरून बघावा, त्यात चांगला विचार करा असं कुठेही लिहिलेलं नसतं.

तोटेही सांगायला हवेत. एक, हे तक्ते भरायला डोकं थोडं तरी चालावं लागतं, १९ वर असताना मला ते जमलंच नसतं. दोन, मी काही दिवस हाच तक्ता स्वतःविरुद्ध वापरला, बघ तुला नीट विचारसुद्धा करता येत नाही, असं. मॅडमच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो विचारच तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहायला लावला. तीन, सगळेच दुःखी विचार चुकीचे नसतात. काही खरेच असतात. त्याला तक्ता काय करणार. साडेचार.

आणि तिथेच आम्ही अडकलो, कारण स्कोअर १० च्या आसपास येऊन हलेना. मग मॅडमनी एक आडवी रेघ काढली, वर माझी तब्येत कधी कशी होती ते आणि खाली त्या त्या वेळी आयुष्यात काय झालं ते. मी पहिल्यापासून सांगत होते की हे डिप्रेशन असंच आलं, कारण नसताना. खालच्या बाजूला मी लिहिलं, बाबा गेले. वरच्या बाजूला झोप उडाल्याची खूण त्याच्या पुढे जेमतेम अडीच महिने. इतके दिवस मी बोलले होते ऑफिसबद्दल, स्वतःबद्दल, मैत्रिणींबद्दल, आणि बाबांबद्दल फक्त एवढंच की हो, वारले, आजारीच होते. बँक, पेन्शन, हॉस्पिटलचं बिल सगळं मीच बघितलं होतं आणि सगळे म्हणायचे किती खंबीर आहे. त्या रेघेसमोर बसून मी पहिल्यांदा रडले.

ही इंटरपर्सनल थेरपी, आयपीटी. जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी १९७० च्या दशकात बांधलेली, साधारण १२ ते १६ आठवडे, आणि त्यात चारपैकी एक किंवा दोन गोष्टींवरच काम करतात: जवळचं माणूस गेल्याचं दुःख, कुणाशी तरी चाललेला झगडा, आयुष्यातला मोठा बदल, किंवा माणसांशी जुळवूनच न येणं. माझं पहिलं. बाबांबद्दल चांगलं पण बोलायचं आणि ज्याचा राग आहे ते पण, आणि राग होता, शेवटच्या वर्षात त्यांनी औषधं घ्यायला दिलेला त्रास, माझ्यावर ओरडणं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं म्हणून. दर आठवड्याला एक काम असायचं की हे घरातल्या एका माणसाशी बोलायचं. ताईशी बोलले तर ती म्हणाली तुला पण? मला वाटायचं मलाच राग येतो. दोन तास फोन चालला. या पद्धतीचं नाव लोकांना फारसं माहीत नसतं, पण १९८९ साली जी मोठी अमेरिकन चाचणी आली, २५० पेशंट, सोळा आठवडे, त्यात सीबीटी, आयपीटी आणि गोळ्या शेजारी शेजारी तपासल्या होत्या आणि आयपीटी तिथे चांगली टिकली होती. पाच. माणूस गेल्याचं दुःख असेल तर पाचपेक्षा जास्त.

ॲपबद्दल थोडक्यात, तिसऱ्या धड्यानंतर सोडलं. त्यातला मजकूर बरोबरच होता, पण मी धडा केला नाही तर कुणालाच फरक पडत नव्हता. मागे माणूस असेल, आठवड्याला एक फोन तरी, तर असे ऑनलाइन कोर्स चालतात असं अभ्यासातही दिसलंय, नुसतं एकट्याने कठीण. दोन.

माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायच्या सरावाचा ग्रुप, एमबीसीटी, मी बरी झाल्यावर केला आणि ती मुख्यतः बरं झाल्यावर करायची गोष्ट आहे. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी ती मुळात परत परत डिप्रेशन येणाऱ्यांसाठीच बनवली, २००० सालच्या त्यांच्या पहिल्या चाचणीत तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलेल्या लोकांना फायदा झाला होता, आणि माझं तिसरं होतं म्हणून मॅडमनी पाठवलं. आठ आठवडे, घरी रोज सराव, तो मोठा असतो आणि कंटाळा येतो. तीन मिनिटांचा श्वासाचा सराव मात्र अजून करते. चार.

आता एक जो मुद्दा नेहमी निघतो, की सगळ्या थेरप्या सारख्याच, थेरपिस्टशी जमलं की झालं. हे म्हणणं आजचं नाही, १९३६ मध्ये सॉल रोझेनझ्वाइग यांनी लिहिलं होतं की सगळेच जिंकलेत आणि सगळ्यांना बक्षीस द्यायला हवं. हजार लोकांची सरासरी काढली तर ते बरंचसं खरंही असेल. पण मी हजार लोक नाही. मला त्या अवस्थेत कुंडी आधी हवी होती, तक्ता नंतर आणि बाबा त्याच्या नंतर, आणि बाबा आधी काढले असते तर मी नक्की पळाले असते. जमणं म्हणजेही नुसतं गोड वाटणं नव्हे, पहिल्या मॅडम गोडच होत्या. कुठे जायचंय हे दोघांचं एक असायला हवं आणि त्यासाठी काय करायचं हेही. चार पाच सेशन झाली आणि आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल तर थेरपिस्टलाच विचारा, चांगला असेल तर त्याला राग येणार नाही. आणि नवव्या प्रश्नाला खरं लिहा. मी सहाव्या सेशनला खरं सांगितलं, मॅडमनी न दचकता सगळं विचारलं, किती वेळा, काही ठरवलंय का, घरात कोणाला माहीत आहे, आणि त्याच दिवशी ताईला बोलावून घेतलं. तसे विचार आत्ता येत असतील तर सेशनच्या तारखेची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

शेवटच्या दोन सेशनमध्ये एकच काम होतं, परत आलं तर कसं ओळखायचं. माझ्या खुणा मी माझ्या हाताने लिहिल्या: सकाळी दहापर्यंत पडदा न उघडणं, ताईचा फोन कट करणं, कुंड्या सुकणं. खाली काय करायचं ते. एक कॉपी कपाटाच्या दाराला आतून लावलीय, एक ताईकडे आहे. फेब्रुवारीत तिने फोन केला, मी दोनदा कट केला, तिसऱ्यांदा उचलला तर हॅलो पण नाही, "पडदा उघडलास का?" नव्हता उघडला. फॉर्म भरला, ११ आला. मॅडमना फोन केला, तीन सेशन घेतली, परत तोच तासांचा कागद. एप्रिलमध्ये ६.